नाव ठेवण्यापूर्वी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सभेत बोलायला उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. हळदीकुंकवाचे तबक फिरवायला सांगा, दोनशे लाडू वळायला सांगा, मी पदर खोचून पुढे येईन. पण चार माणसांपुढे तोंड उघडायचे म्हटले की घशाला कोरड पडते. शिक्षण माझे सातवीपर्यंत. त्यातून विषय पक्ष्यांचा! कार्यवाहताई म्हणाल्या, "तुम्ही हल्ली गळ्यात दुर्बीण अडकवून बंधाऱ्यावर जाता, त्याचंच सांगा." मी म्हटले, "अहो, मला त्यातलं काय कळतंय? निम्मे पक्षी मी चुकीचेच ओळखते." त्यावर त्या म्हणाल्या, "मग चुकलेले सांगा."

तेव्हा आज मी माझे चुकलेले पक्षी सांगणार आहे. ओळखलेल्या पक्ष्यांविषयी सांगणारी विद्वान माणसे पुष्कळ आहेत. चुकलेल्यांविषयी सांगायला माझ्याएवढे अधिकारी माणूस या तालुक्यात मिळायचे नाही.

तुम्हांला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी पौषात आपल्या मंडळाची सहल नांदूर मध्यमेश्वरला गेली होती. आपल्या निफाड तालुक्यातली ही जागा. गोदावरी आणि कादवा यांचा संगम, त्याखाली इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा, आणि मागे पसरलेले उथळ पाणी. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. पुढे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचे नाव गेल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. या यादीला रामसरची यादी म्हणतात. रामसर हे इराणातले गाव, तिथे १९७१ साली याविषयीचा करार झाला होता. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली पहिली जागा ती हीच. लांबलांबची माणसे पहाटे गाड्या काढून इथे येतात, आणि आपण मात्र लग्न होऊन वीस-वीस वर्षे इथे राहून एकदाही गेलो नव्हतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

चापडगावच्या मनोऱ्यावर आपण चढलो. आपल्याबरोबर गावातलाच एक तरुण मुलगा वाट दाखवायला होता. समोर पाण्यावर काळ्या काळ्या पक्ष्यांचा हा एवढा थवा. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "अगंबाई, किती ही काळी बदकं!" तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "मावशी, ती बदकं नाहीत. वारकरी आहेत ते."

मी वळून रस्त्याकडे पाहू लागले! पौष महिना, निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या चाललेल्या. मला वाटले, टाळ-मृदंग घेऊन कोणी येत असेल. आपल्यातल्या दोघीतिघींनी हातसुद्धा जोडले. नावे सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. मग त्याने दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. काळाभोर पक्षी, चोच पांढरी, आणि चोचीपासून थेट कपाळावर चढलेला पांढराशुभ्र टिळा. गंध लावून निघालेला वारकरीच तो! बदकांसारखा पोहतो खरा, पण बदकांच्या जातीतला नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. याच्या बोटांना नुसत्या झालरी असतात. पोहताना प्रत्येक हिसक्याला मान पुढेमागे हलते, आणि उडायचे झाले तर आधी पाण्यावर पळत जाऊन मग उठतो. एवढ्या खुणा समोर असताना मी पाहिले काय, तर पाणी आणि त्यावर पोहणारे काहीतरी. म्हणजे बदक.

थोड्या वेळाने त्याने दुसरीकडे बोट दाखवले, "ही मात्र बदकं. हळदीकुंकू म्हणतात यांना." आता मात्र मला वाटले, हा पोरगा आपण बायका आहोत म्हणून चेष्टा करतो आहे. पण तेही खरे निघाले. तपकिरी खवल्यांच्या अंगाचे मोठे बदक, काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके. ज्या कोणी हे नाव ठेवले, त्याने त्या पक्ष्याला किती जवळून आणि किती मायेने पाहिले असेल! माझ्या मनात आले, नाव ठेवावे तर असे, पाहून ठेवलेले.

त्या दिवशी आपल्या फजितीला अंत नव्हता. जलपर्णीतून जांभळी पाणकोंबडी लाल चोच घेऊन बाहेर आली, तर तिला आपण मोराचे पिल्लू ठरवले. एक करकोचा किती वेळ हलत नाही म्हणून आपण वीस मिनिटे श्वास धरून उभ्या राहिलो. अखेर ती चिखलात रोवलेली काठी निघाली, वर अडकलेली पिशवी! काठावर मातकट रंगाचा एक बगळा बसला होता. मी वहीत लिहिले, 'भुरा बगळा एक.' तेवढ्यात तो उडाला आणि उडताच पांढराफेक झाला. मी लिहिले, 'पांढरा बगळा एक.' एकाचे दोन झाले! त्याला ढोकरी म्हणतात, आणि दुसरे नाव वंचक. बसला की पाठीच्या तपकिरी रंगाखाली पंख लपवतो, उडाला की पांढरे पंख उघडे पडतात. वंचक म्हणजे फसवणारा. पण खरे सांगू का, तो बिचारा मासा कधी गावतो एवढेच पाहात होता. त्याने मला फसवले नाही, मीच घाईने लिहिले.

सहल झाली, दशम्या-ठेचा संपला, तुम्ही सगळ्या घरी आलात. माझ्या मनात मात्र तो वारकरी घर करून बसला. थोरल्या मुलाने त्याच्या पहिल्या पगारातून मला दुर्बीण आणून दिली. आमच्या घरचे म्हणाले, "सोन्याची वाटी मागायची सोडून हिने दुर्बीण मागितली!" पण रविवारी सकाळी मला फाट्यापर्यंत सोडायला तेच येतात.

पाहायला लागले आणि एकेक उमगत गेले. बंधारा राहू द्या, माझ्या परसातलेच पक्षी मी जन्मभर चुकीचे ओळखत होते. आपल्या मंडळात कोणाचा गळा गोड असला की आपण तिला कोकिळा म्हणतो. प्रत्यक्षात 'कुहू कुहू' करून उन्हाळा डोक्यावर घेतो तो कोकीळ नर. काळा कुळकुळीत, डोळे गुंजेसारखे लाल. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. ती गात नाही, नुसते 'किक् किक्' करून उडून जाते. आमच्या आंब्यावर तो ठिपक्यांचा पक्षी मी वर्षानुवर्षे पाहिला आणि त्याला कसलासा ससाणा समजले. नवराबायको एकाच फांदीवर बसत, तरी ते एकमेकांचे कोणी असतील हे माझ्या डोक्यात आले नाही.

मग जूनच्या तोंडावर पावशाची पाळी आली. 'पेरते व्हा, पेरते व्हा' हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे, पण पाहिला आहे कोणी? एकदा मी पाहिला आणि म्हटले, शिक्रा! करड्या पाठीचा, शेपटीवर आडवे पट्टे, उडण्याची धाटणीही शिकऱ्याचीच. लहान पाखरेसुद्धा त्याला पाहून ओरडत पळाली. मग त्याने तोंड उघडले आणि 'पेरते व्हा' म्हणाला! शिकऱ्याची चोच आकडीसारखी वाकडी असते, पावशाची तशी नसते. एवढे पाहिले असते तर चुकले नसते. पण पाखरेही चुकली, तेव्हा माझे समाधान झाले. आणि कावळ्याएवढा हुशार पक्षी, तोसुद्धा आपल्या घरट्यात कोकिळेचे पिल्लू वाढवतोच की! चुकणे हे काही एकट्या माणसाच्या वाट्याला आलेले नाही.

मात्र एकदा पक्ष्यांनीच माझी चूक सुधारली. बंधाऱ्यावर पाण्यावरून एक मोठा पक्षी संथ घिरट्या घालत आला. मी म्हटले, "घार आहे." तोच सगळे वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि बदकांचा थवा फडफडत उठला. मी विचारात पडले. घारीचे त्यांनी एवढे भय घेतलेले मी पाहिले नव्हते. दुर्बीण लावली. घारीच्या शेपटीला टोकाशी माशाच्या शेपटीसारखी खाच असते, याला ती नव्हती. वनखात्याच्या माणसाने सांगितले, हा दलदली भोवत्या, हिवाळ्याचा पाहुणा, पाणपाखरांवर झडप घालणारा. ज्यांचा जीव पणाला लागलेला असतो ते नीट पाहतात, हे मी त्या दिवशी शिकले.

आता तुम्ही म्हणाल, पक्षी चुकला म्हणून कोणाचे काय बिघडते? दुधात मीठ पडले तर बिघडते, पाखराला भलते नाव दिले म्हणून काय होणार? मलाही तसेच वाटे. पण दोन गोष्टी मी ऐकल्या, त्या सांगते.

पहिली सलीम अलींची. १८९६ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला, आणि पक्ष्यांच्या विद्येत त्यांच्यासारखा माणूस आपल्या देशात झाला नाही. ते दहाबारा वर्षांचे असताना छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. दुसऱ्या कोणा पोराने 'चिमणीच तर आहे' म्हणून टाकून दिली असती. या मुलाला ती नेहमीची चिमणी वाटेना. मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. ही संस्था १८८३ साली निघालेली. तिथले कार्यवाह मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी ती पीतकंठी चिमणी म्हणून ओळखली, आणि मुलाला संस्थेतले पेंढा भरून ठेवलेले पक्षी कप्पे उघडून दाखवले. सलीम अलींचा पक्ष्यांचा सारा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला. 'हे काय आहे ते मला ठाऊक नाही' एवढे म्हणण्याचे धैर्य एका लहान मुलाने दाखवले, त्याचे हे फळ.

दुसरी गोष्ट याच्या उलट. आपल्या खानदेशाच्या डोंगरांत रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड आहे. आपल्या नेहमीच्या पिंगळ्यासारखेच, पण पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात, याचे डोके बहुतेक साधे. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले आणि १८८४ नंतर तो कोणाला दिसेनासा झाला. फक्त मेनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, आणि त्यावरची चिठ्ठी सांगत होती की तो १९१४ साली गुजरातेत मिळवला. पुढे उघड झाले, की ती चिठ्ठी खोटी. कोणा दुसऱ्याने पूर्वी जमवलेला पक्षी संग्रहालयातून लांबवून, नव्याने शिवून त्यावर आपली चिठ्ठी लावलेली! त्या चिठ्ठीवर विसंबून माणसे भलत्या ठिकाणी शोधत राहिली. ती बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर अमेरिकेतील पॅमेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती सातपुड्याच्या पायथ्याशी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत, झाडावर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तो आपल्या जागीच होता. चुकीच्या चिठ्ठीने माणसांना त्याच्यापासून लांब नेले होते.

हे ऐकले त्याच महिन्यात बंधाऱ्यावर पक्षीगणना होती. पाच नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि बारा नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून आपल्या राज्यात २०२० पासून हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. मीही वही घेऊन बसले होते. संध्याकाळी घरी येऊन पाहते तो सत्तर वारकरी मी बदकांच्या रकान्यात मांडलेले. धुक्यात, पाठीमागून पाहिलेले. घरचे म्हणाले, "राहू दे, कोण बघायला बसलंय?" रात्रभर झोप लागली नाही. सकाळी वनरक्षकांना जाऊन सांगितले. मनात होते, हसतील. ते म्हणाले, "मावशी, सांगितलंत म्हणून दुरुस्त तरी झालं. न सांगितलेल्या चुका आम्ही कुठून शोधायच्या?" तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना जास्त आहे. त्याचे नाव 'खात्री नाही.' तो सगळ्यांत लवकर भरतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

भगिनींनो, इथवर तुम्ही पुष्कळ हसलात. मलाही बरे वाटले. आता जी चूक सांगायची आहे, ती मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

लग्न होऊन मी आमच्या जुन्या वाड्यात आले, त्याला तीनचार वर्षे झाली असतील. धाकटा पाळण्यात होता. दिवाळीनंतरचे दिवस. माळ्यावर बाजरीच्या कणग्या होत्या. एके रात्री मला वरून आवाज आला, 'फुस्स... फुस्स...' लांब श्वास ओढल्यासारखा. अंगावर काटा आला. पाळणा त्या माळ्याच्या बरोबर खाली. मी सगळ्यांना उठवले, "वर साप आहे. नाग आहे!" सासूबाई उठून बसल्या. त्या अक्षरशत्रू, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या. थोडा वेळ कान देऊन म्हणाल्या, "सूनबाई, साप असा एका जागी बसून रात्रभर फुसफुसत नाही. पाखरू असंल. उजाडू दे, मग बघू." मी ऐकले नाही. मनात म्हटले, यांना काय कळते? मी शाळेत गेलेली!

उजाडायची वाट न पाहता मी शेजारची पोरे बोलावून आणली. त्यांनी मिरच्यांची धुरी केली, झरोका पोत्याने बुजवला, काठ्या घेऊन वर चढली. मी खाली बाळ छातीशी धरून उभी. धुरातून पहिल्यांदा जे खाली पडले, ते साप नव्हते. पांढऱ्या पिसांचा गोळा होता. लांबट तोंड, काळे डोळे. कोणी म्हणाले गिधाडाचे पोर, कोणी म्हणाले भुताचे. एक पडताच मेले. दोन जिवंत होती, ती टोपलीत घालून पोरांनी ओढ्याकाठच्या बाभळीखाली ठेवली. एक मोठा पांढरा पक्षी रात्रभर वाड्याभोवती आवाज न करता फिरत होता, आणि झरोका बुजलेला होता. सकाळी कावळ्यांचा कालवा ऐकून मी ओढ्यावर गेले. टोपली आडवी पडलेली होती.

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

ते गव्हाणी घुबड होते. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, जुनी घरे, देवळे, गोठे यांच्या आडोशाने राहणारे. त्याची पिल्ले भूक लागली की रात्रभर असा फुत्कार टाकतात. त्या आवाजाला साप समजणारी मी पहिली नाही, हे मला फार उशिरा कळले. ते माणसाचे काही खात नाही. त्याचे खाणे उंदीर आणि घुशी. आमच्या बाजरीची राखण करायला ते आपणहून येऊन राहिले होते. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण त्याला चित्रात पुजतो, आणि दारात आले की अशुभ म्हणतो. ते मारणे, पकडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही तेव्हा मला माहीत नव्हते. पण कायदा माहीत नव्हता याचे मला तेवढे वाईट वाटत नाही. सासूबाई सांगत होत्या आणि मी ऐकले नाही, याचे वाटते. मी पक्षी चुकीचा ओळखला तो ओळखलाच, माणूसही चुकीचे ओळखले. त्या गेल्या त्याला सहा वर्षे झाली.

मराठीत एक गंमत आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारशाला ठेवतात ते, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. मला वाटते, दोन्हीतला धोका एकच. एकदा नाव ठेवले की आपण पाहायचे थांबतो. पक्षी ओळखायची जी रीत मी शिकले, ती म्हणून उलट चालते. आधी आकार पाहायचा. सलीम अलींनी १९४१ साली काढलेल्या पुस्तकात पक्ष्याचे माप असेच सांगितले आहे, चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. ही मापे आपल्या स्वयंपाकघरातल्या वाटी-चमच्यासारखी, कोणालाही समजणारी. मग चोच पाहायची, मग शेपटी, पाय, तो काय खातो, कुठे बसतो, कोणत्या महिन्यात दिसतो. आवाज ऐकायचा, पण नुसत्या आवाजावर निकाल द्यायचा नाही. रंगावर सगळ्यात शेवटी विश्वास ठेवायचा, कारण उन्हात, सावलीत, नरात, मादीत तो बदलतो. नाव ठेवायचे ते अगदी अखेरीस, आणि खात्री नसेल तर तसे म्हणायचे.

आता माझे मुख्य सांगणे. गेल्या सभेत ठराव झाला, की आपल्या मंडळाच्या खोलीच्या माळ्यावर साप आहे, रात्री फुत्कार ऐकू येतो, तरी वर्धापनदिनापूर्वी माणूस बोलावून धुरी द्यावी, झरोका सिमेंटने बुजवावा आणि रंग काढावा. त्या सभेला मी होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हात मात्र थरथरत होते.

त्यानंतर मी आणि कार्यवाहताईंची लेक, आम्ही समोरच्या गच्चीवर तीन संध्याकाळी बसलो. अंधार पडल्यावर एक पांढरा पक्षी जराही आवाज न करता आला. चोचीत उंदीर होता. तो झरोक्यातून आत गेला आणि आतला फुत्कार एकदम वाढला. सकाळी भिंतीखाली काळपट गोळ्या सापडल्या. सोडून पाहिल्या तर त्यात केस आणि उंदरांची बारीक हाडे. घुबड न पचलेले असे गोळे करून ओकते. त्या गोळ्या मी या डबीत आणल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी पाहाव्या. चहा आधी घ्यावा.

माझी विनंती एवढीच आहे, की तो ठराव दोन महिने पुढे ढकलावा. पिल्ले साधारण तेवढ्यात उडून जातात. यंदा वर्धापनदिन अंगणात मांडव घालून करू, रंग नंतरही देता येईल. आणि भगिनींनो, मी या तालुक्यातली चुकण्यात पहिली, हे मी सुरुवातीलाच सांगितले. तेव्हा माझ्याही शब्दावर विसंबू नका. वनखात्याच्या माणसांना बोलावू, ते विजेरी घेऊन वर पाहतील. साप निघाला तर त्याला सुखरूप धरून नेणाऱ्या सर्पमित्राचा जाण्यायेण्याचा खर्च मी माझ्या भिशीतून देईन, आणि पुढच्या सभेत उभी राहून माझी आणखी एक चूक तुम्हांला सांगेन.

पण पाहिल्यावाचून धुरी नको. एकदा दिलेली धुरी परत घेता येत नाही.